खळ काढलेला झगा

कापडाला हात न लावता त्याच्याबद्दल बोलणारी माणसं सुमेधाला आवडत नाहीत. ती मूळची इचलकरंजीची. वडिलांचे यंत्रमाग घराला लागूनच होते आणि ते सतत खडखडत असायचे, त्यामुळं शांत जागी झोप लागत नाही अशी तिची तक्रार लग्नानंतरही कितीतरी दिवस चालू होती. पुण्याच्या सासरी तिला कुणी दाद दिली नाही. पुढं नवऱ्यामागोमाग ती नेदरलँड्सला आली आणि उइटहॉर्नमधल्या ज्या गल्लीत घर मिळालं, तिथं शेजारच्याचं मांजर कुंपणावरून उतरलं तरी ऐकू यायचं. मग तिनं शिवणयंत्र घेतलं. घरात काहीतरी खडखडायला हवं होतं.

नवरा आशुतोष आइंडहोव्हनला, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत. तो भल्या पहाटे निघतो आणि रात्री जेवायला परत येतो. सुमेधा बी.कॉम. होती, पण सरकारदरबारी ती नुसती ‘सोबत आलेली’. “मी म्हणजे आशुतोषच्या व्हिसाची शेपटी,” असं ती सुरुवातीला ज्याला त्याला ऐकवायची, आणि ऐकणारा हसला की तिलाच राग यायचा. शेजारच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये भारतीय बायका चिक्कार आणि धड ब्लाउज शिवून देणारं कुणी नाही, तेव्हा शेपटीला काम मिळालं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला जमलं नाही. “हा रंग तुम्हाला शोभत नाही,” एक घाव दोन तुकडे. तरी बायका ट्रॅम पकडून यायच्या, कारण तिनं शिवलेली बाही कधी काखेत काचली नाही.

त्यातून अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका छोट्या नाट्यगृहाच्या शिवणखोलीत तिचा शिरकाव झाला. आधी उसवलेलं शिवायला, मग नवीन बेतायला. तिथली मुख्य बाई यंदा निवृत्त झाली आणि या हिवाळ्यातल्या नाचाच्या प्रयोगाचे सगळे कपडे सुमेधाच्या गळ्यात पडले. प्रयोग तिथल्याच बॅले शाळेचा. आणि त्यात मुख्य नाचणारी तिचीच मुलगी, भार्गवी, वय वर्षं सोळा.

प्रयोगाची गोष्ट एका मुलीची आहे. लिझबेट तिचं नाव. ती खरोखर होऊन गेलेली नाही. गॅसच्या दिव्यांच्या काळात रंगमंचावर भाजून मेलेल्या कितीतरी पोरींवरून बॅले शाळेच्या मारलूसबाईंनी ती रचली होती. लिझबेटचा बाप जहाजावर गेला तो गेलाच. आई एका बड्या घरी स्वयंपाकाला. पोरीची एक वेळची भाकर सुटावी म्हणून आईनं तिला लहानपणीच नाट्यगृहात सोडली. तिथं अशा पोरींना पाठीला कागदी पंख लावून मागच्या रांगेत उभं करायचे. लिझबेट मागच्या रांगेत वाढली. एका संध्याकाळी मुख्य नर्तकीचा पाय मुरगळला आणि हिला पुढं ढकललं. अंगावर मांस नाही, हात नको तेवढे लांब, आणि उडी मारली की खाली यायची घाईच नाही. शहर वेडं झालं. लोक थंडीत दाराबाहेर तिष्ठत उभे राहायला लागले.

त्या काळी रंगमंचाच्या पुढच्या कडेला गॅसच्या ज्योती असायच्या, आणि नाचणाऱ्या मुलींचे झगे असायचे तलम मलमलीचे, थरावर थर. दर हंगामात कुठं ना कुठं कुणीतरी पेटायचं. मग कुणा रसायनवाल्यानं एक औषध काढलं. त्यात झगा बुडवून वाळवला की तो पेट घेत नसे. पण कापड ताठ व्हायचं, पिवळट पडायचं. मालकानं फर्मान काढलं, सगळ्यांनी औषधाचाच झगा घालायचा. लिझबेट म्हणाली, मी नाही घालणार. त्यात पाय दिसतात, वारा दिसत नाही. तिचं नाव एवढं मोठं झालं होतं की मालकानं ऐकून घेतलं. एका तालमीत ती बुटाची फीत बांधायला ज्योतीजवळ वाकली. झग्याला मागून धग लागली आणि ती घाबरून पळत सुटली. पळाल्यामुळं जाळाला वारा मिळाला. नंतर कित्येक आठवडे ती पालथी पडून होती, आणि मग गेली. अजून अठराचीही नव्हती.

सुमेधानं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला दया आली नाही, राग आला. घरी जेवताना ती म्हणाली, “एवढी कसली अक्कल गहाण टाकायची! समोर जाळ आहे, हातात औषधाचा झगा आहे, आणि म्हणे वारा दिसत नाही. मूर्ख पोरगी.”

भार्गवी काट्यानं भात चिवडत होती. तिला मराठी सगळं कळतं, आईला उत्तर मात्र इंग्लिशमध्ये मिळतं. “आई, she wasn’t stupid,” ती म्हणाली. “She was good.”

“चांगली असली म्हणून काय झालं?”

“You don’t get it,” असं म्हणून तिनं ताट उचललं.

आता मारलूसबाईंना शेवटच्या नाचात खऱ्या ज्योती हव्या होत्या. विजेच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांनी कुणाच्या पोटात गोळा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. अग्निशमनवाल्यांनी बऱ्याच अटी घालून परवानगी दिली. रंगमंचाच्या कडेला तेलाचे दिवे चालतील, प्रेक्षकांच्या बाजूला पत्र्याचा आडोसा हवा, एक पहारेकरी कांबळं घेऊन कायम विंगेत हवा, दिव्यांपासून अंतर ठेवून जमिनीवर रेघ हवी, आणि कपड्यांचा प्रत्येक थर औषधात बुडवलेला हवा. शेवटची अट सुमेधाची जबाबदारी होती. तिच्या सहीवर दिवे पेटणार होते.

तिनं झगा शिवला तो मात्र जीव ओतून. खरी सुती मलमल शोधून आणली, कारण नायलॉनला ती कापड म्हणत नाही. थर बेतले, चुण्या हातानं घातल्या. मग सगळा झगा औषधात बुडवून सावलीत वाळवला. तो वाळला तेव्हा पापडासारखा झाला होता. भार्गवीनं तो घालून एक गिरकी घेतली आणि तिचा चेहरा पडला. झगा तिच्याबरोबर फिरला खरा, पण एखादं टोपलं फिरावं तसा.

“It doesn’t fly,” ती म्हणाली.

“न उडू दे. जळत नाही ना, मग झालं. आणि एक लक्षात ठेव, याला पाणी लागता कामा नये. हे औषध म्हणजे मीठच असतं एका जातीचं, पाण्यात टाकलं की गेलं. घाम आला तरी मला सांग.” हे तिनं भार्गवीला सांगितलं, कपडे चढवणाऱ्या बायकांना सांगितलं, मारलूसबाईंना त्यांच्याच भाषेत अडखळत सांगितलं. एका माणसाला सांगायचं राहिलं. सासूबाईंना.

वासंतीबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांना कामाला लावलेली बाई इथं येऊन रिकामी बसली होती. भांडी यंत्र घासायचं, केर यंत्र काढायचं, भाजी चिरलेली मिळायची. त्या उठल्या की सुमेधा म्हणायची, “आई, तुम्ही बसा.” ती हे आदरानंच म्हणायची, पण दिवसातून इतक्यांदा म्हणायची की म्हाताऱ्या माणसाला ती शिक्षा वाटावी. स्वयंपाकघर आणि शिवणाची माळ्यावरची खोली, दोन्हीकडं सासूबाईंचा हात लागलेला तिला खपत नसे, हे खरं. कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण दोघींनाही ठाऊक होतं.

झग्याचा पट्टा कमरेला सैल होत होता, म्हणून प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात सुमेधानं तो घरी आणला, पट्टा घट्ट केला आणि माळ्यावर टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. पुढचं तिला फार उशिरा कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकलेलं बरं. त्या दिवशी शिक्षकांची कसलीशी बैठक म्हणून भार्गवीच्या शाळेला सुट्टी होती, आणि घरात आजी आणि नात दोघीच होत्या. वासंतीबाई वाळलेले कपडे आणायला माळ्यावर गेल्या आणि त्यांचा हात झग्याला लागला. कोरं कापड, कडक, हाताला चरचरीत. कोणत्या मराठी बाईला यात शंका येईल? खळ आहे. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय ते अंगाला लावायचं नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. त्यातून नातीची त्वचा नाजूक. सुनेला कामाच्या रगाड्यात वेळ मिळाला नसणार, आणि आपल्याला तर वेळच वेळ. त्यांनी बाथटबमध्ये कोमट पाणी काढलं, मूठभर मीठ टाकलं, झगा बुडवला आणि बाळाला न्हाऊ घालावं तसा हलक्या हातानं खळबळून काढला. दोनदा पाणी बदललं. रेडिएटरजवळ वाळवला, चुण्या बोटांनी बसवल्या, पुन्हा होता तिथं, होता तसा टांगला. सुनेला त्या बोलल्या नाहीत. चांगलं काम बोलून दाखवायचं नसतं असं एक, आणि परत ‘आई, तुम्ही बसा’ ऐकावं लागेल असं दुसरं.

सुमेधा संध्याकाळी आली ती डोकेदुखी घेऊन. झग्यावर तिनं खालपासून वरपर्यंत पिशवी चढवली, चेन ओढली आणि तो गाडीत नेऊन ठेवला. तिचा हात लागला तो फक्त हँगरला.

रंगीत तालमीला दिवे पेटले होते, पण भार्गवी सरावाच्या आखूड झग्यात नाचली. रंगमंचावर धूळ आहे, पांढरा झगा मळेल, असं तीच म्हणाली. सुमेधाला लेकीचं कौतुक वाटलं. कधी नव्हे ती आईच्या कामाची कदर करते आहे, असं तिनं रात्री आशुतोषला सांगितलंसुद्धा.

प्रयोग रविवारी दुपारी होता. सगळी तिकिटं गेली होती. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या अर्ध्या ब्लाउजवाल्या बायका नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या, आशुतोष तिसऱ्या रांगेत, आणि हेगच्या नृत्य अकादमीतून दोन माणसं आलेली. ती भार्गवीला बघायला आली आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. वासंतीबाईंना सुमेधानं आत घेतलं होतं, कारण लहान मुलींचे अंबाडे त्यांच्याइतके घट्ट कुणालाच जमत नव्हते. त्या पिना तोंडात धरून पोरींना रांगेत उभ्या करत होत्या आणि डच पोरी त्यांचं मराठी निमूट ऐकत होत्या. तेवढ्यात सैनिक झालेल्या एका मुलाच्या कोटाचं बटण तुटलं, एका छोटीचा मोजा फाटला, आणि सुमेधा सुई घेऊन तिकडं धावली. भार्गवीच्या झग्याचे हूक आजीनं लावले.

शेवटचा नाच सुरू झाला तेव्हा सुमेधा उजव्या विंगेत उभी होती, गळ्यात टेप, अंगात काळा सदरा. आडोशामागचे दिवे पेटवून माणूस आत आला होता आणि रंगमंचावर दुसरा उजेड नव्हता. पहारेकरी कांबळं घेऊन समोरच्या, डाव्या विंगेत उभा होता. पडदा ओढणाराही तिकडंच. पियानो सुरू झाला आणि भार्गवी मागून अंधारातून पुढं आली.

तिनं पहिली गिरकी घेतली आणि झगा उडाला. कमरेपासून वर उठला, हवेत थांबला, आणि ती थांबल्यावर सावकाश तिच्याभोवती उतरला. प्रेक्षागृहात कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं. सुमेधालासुद्धा क्षणभर फक्त एवढंच वाटलं, की काय सुंदर शिवलाय मी.

दुसऱ्या गिरकीला ती झग्याकडं निरखून बघायला लागली. तिनं बुडवलेली मलमल अशी उडूच शकत नाही. ती मागांच्या खडखडाटात वाढली होती. कांजी दिलेलं कापड कसं पडतं आणि धुतलेलं कसं पडतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

“बघ कसा उडतोय!” मागून वासंतीबाईंचा दबका आवाज आला. अंबाड्यांचं काम संपवून त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “अगं, पुठ्ठ्यासारखा झाला होता. मी खळ काढली त्याची.”

“धुतलात?” सुमेधानं विचारलं. “पाण्यात?”

“मग कशात धुतात?” वासंतीबाई हसल्या, आणि सुनेचं तोंड बघून त्यांचं हसू तिथंच गोठलं.

सुमेधानं समोर पाहिलं. पहारेकरी पलीकडं होता, आणि त्याच्यापर्यंत जायचं तर जिना उतरून, खालच्या बोळातून वळसा घालून. तिच्याकडं ना वॉकीटॉकी ना फोन. तिनं हात हलवले. तो भार्गवीकडं बघत होता, जसं सगळे बघत होते. ओरडावं? ओरडलं की पोरगी दचकणार, वळणार, कदाचित धावणार. धावणाऱ्या लिझबेटचं काय झालं ते तिनं गेले तीन महिने रोज ऐकलं होतं. आणि नाचाचा शेवट तर तिला पाठ होता. भार्गवी एका टोकापासून दिव्यांच्या रांगेला समांतर गिरक्या घेत येणार, शेवटच्या दिव्यापाशी खाली बसणार, आणि झगा चहूकडं पसरणार, थेट रेघेपर्यंत. रेघ आखली होती ती ताठ झग्याच्या मापानं. हा झगा त्याच्या हातभर पुढं जात होता.

सुमेधा चालत रंगमंचावर गेली.

ती धावली नाही. पावलाचा वारासुद्धा होऊ नये अशी, सावकाश, कडेकडेनं पहिल्या दिव्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसली. समोर काळोखात माणसं होती, तिसऱ्या रांगेत नवरा होता, आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. दिवा फुंकून विझवायचा नसतो हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. तिनं बोटं जिभेला लावली तर जीभ कोरडी ठाक. तशाच कोरड्या चिमटीत तिनं वात धरली आणि चिरडली. चर्र झालं. मग दुसरा. प्रेक्षकांना वाटलं असणार, ही लिझबेटची आई, गोष्टीतलीच कुणी. पियानोवाला दोन सूर चुकला आणि पुढं वाजवत राहिला.

भार्गवीनं तिला पाहिलं. गिरकीच्या मध्ये, मान वळताना, क्षणभर दोघींची नजर भिडली आणि तिचे डोळे मोठे झाले. पण ती थांबली नाही. इतक्या महिन्यांच्या तालमीनं पाय आपोआप पुढं नेत होते, आणि ती आईच्या दिशेनं येत होती. झगा सुमेधाच्या चेहऱ्यावरून गेला, मऊ, गार, साबणाचा वास असलेला. सुमेधानं तिसरी वात चिरडली, चौथी चिरडली. बोटांना आता काही कळत नव्हतं. पाचव्या दिव्याशी तेल सांडलं आणि ज्योत उलट मोठी झाली, तेव्हा ती तिनं सदऱ्याच्या बाहीनं दाबून धरली.

शेवटच्या दिव्यापर्यंत ती उठून जाऊ शकली नाही, कारण भार्गवी आधीच तिथं पोचली होती. पियानोचे सूर खाली उतरायला लागले आणि पोरगी त्यांच्याबरोबर खाली बसायला लागली. झगा वर उठला, फुलला, आणि रेघ ओलांडून ज्योतीवर यायला लागला. सुमेधानं पुढं पालथं पडून हात लांब केला आणि उजवा तळवा दिव्यावर दाबला. वरून मलमल तिच्या हातावर येऊन पडली. तळव्याखाली पितळ तापलेलं होतं आणि वात अजून जिवंत होती. तिनं हात काढला नाही.

पूर्ण अंधार झाला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो थांबेना.

पडदा पडल्यावर पहारेकरी कांबळं घेऊन धावत आला आणि कुणावर टाकावं ते न कळून उभा राहिला. मारलूसबाई त्याच्यामागून आल्या, लालबुंद. “काय होतं हे? सुमेधा, काय होतं हे?”

“झगा धुतलाय,” सुमेधा डचमध्ये म्हणाली. “औषध गेलंय सगळं.”

मारलूसबाईंचा रंग उतरला. त्यांनी दिव्यांकडं पाहिलं, झग्याकडं पाहिलं, आणि विचारलं, “कुणी धुतला?”

वासंतीबाईंना डच येत नाही. पण जन्मभर वर्गासमोर उभं राहून असला प्रश्न त्यांनीच हजारदा विचारला होता, त्यामुळं भाषा कळायची गरज पडली नाही. त्या पुढं आल्या, छातीला हात लावला आणि मराठीतच म्हणाल्या, “मी. मी धुतला.”

आतल्या खोलीत एक बेसिन होतं. भार्गवीनं आईला हाताला धरून तिथं नेलं आणि कोमट पाण्याचा नळ सोडला. भाजलं की आधी पाणी, बाकी सगळं मागाहून, हे इथल्या शाळेत पोरांना पाठच करून घेतात. वासंतीबाई तूप कुठं मिळेल ते शोधत होत्या. “तूप नाही आजी, फक्त पाणी,” भार्गवी म्हणाली आणि तिनं आईचा तळवा धारेखाली धरून ठेवला. बोटांची टोकं पांढरी पडली होती. तळव्याच्या मध्यभागी दिव्याच्या तोंडाचा गोल उठला होता. दुखायला आता कुठं सुरुवात होत होती, आणि सुमेधाचे दात एकमेकांवर आपटत होते.

वासंतीबाई स्टुलावर बसल्या. एकाएकी त्या फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या. “मला खळ वाटली गं,” त्या म्हणाल्या. “पोरीला टोचेल म्हणून काढली. मला कुठं ठाऊक होतं? माझ्या हातानं मी... माझ्या हातानं...” पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या.

सुमेधाच्या मनात त्या क्षणी सासूबद्दल जे काही येत होतं ते इथं लिहिण्याजोगं नाही. तिनं तोंड उघडलं. वर्षानुवर्षं ‘तुम्ही बसा’च्या आड दाबलेलं सगळं बाहेर पडणार होतं.

“आजीला नव्हतं माहीत,” भार्गवी मराठीतच म्हणाली. ती नळाकडं बघत होती. “मला माहीत होतं.”

पाण्याची धार चालू होती.

“आजी टबात पाणी काढत होती तेव्हा मी दारात उभी होते. तिनं विचारलं, खळ काढू ना? मी काहीच बोलले नाही, आई. तू सांगितलेलं मला आठवत होतं. And then it came out of the water, and it was so... ती तो झटकत होती आणि तो उडत होता.” तिचा आवाज बारीक होत गेला. “मला वाटलं, फक्त एकदा. मला वाटलं, मला काही होणार नाही.”

वासंतीबाईंचं रडणं थांबलं होतं. त्यांनी नातीकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि डोळे पुसत घाईघाईनं म्हणाल्या, “नाही, तिला काही बोलू नकोस. ती लहान आहे. धुतला मीच.”

सुमेधाला बोलायचंच नव्हतं. एवढ्या आठवड्यांत तिनं त्या दुसऱ्या पोरीला, दीडशे वर्षांपूर्वीच्या, किती वेळा मूर्ख म्हटलं होतं आणि तिची ही पोर समोर बसून भात चिवडत ऐकत होती. सुमेधा बघत राहिली. खोलीभर दिवे होते, कुणाच्या तरी केसांचं इस्त्रीसारखं यंत्र टेबलावर तसंच चालू राहिलं होतं, आणि पोरगी अजून तोच झगा घालून उभी होती.

“काढ तो,” सुमेधा म्हणाली. “आधी तो झगा काढ अंगातून.”

भार्गवीनं तिचा हात सोडला. पाठीमागचे हूक तिला सापडेनात, तेव्हा वासंतीबाई उठल्या आणि त्यांनी एकेक हूक सोडवला. झगा खाली पडला. मग पोरीनं पायांतले मोजेही ओढून काढले आणि ती उघड्या पायांनी फरशीवर उभी राहिली, थंडीनं काटा आलेली, लहान असताना आंघोळीहून यायची तशी. सुमेधा तिच्या पायांकडं बघत होती. घोट्यापासून मांडीपर्यंत सगळी कातडी जागेवर होती. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची जुनी खूण होती, पोटरीवर एक तीळ होता, आणि बाकी कुठंही, कुठंही काही नव्हतं. सुमेधा बेसिनला धरून खाली बसली, डाव्या हातानं तिनं लेकीचे दोन्ही पाय कवटाळले आणि मोठमोठ्यानं रडायला लागली.